बदाम फुलला की काश्मीर घराबाहेर पडते

मुंबई-पुण्याच्या माणसाला थंडीचे अप्रूप असते, कारण ती त्याच्याकडे पाहुणी म्हणून येते. जानेवारीतील एखाद्या पहाटे सांताक्रूझला पारा पंधरा अंशांखाली उतरला की त्याची बातमी होते, माळ्यावरचे स्वेटर खाली येतात आणि त्यांना लागलेला डांबरगोळ्यांचा वास जाण्याआधीच पुन्हा माळ्यावर जातात. त्यामुळे हिवाळा सरल्याचा आनंद ही कल्पना आपल्याला काहीशी परकी वाटते. आपल्याला हळहळ वाटते ती थंडी गेल्याची. काश्मीर खोऱ्यात मात्र हिवाळा सोसायचा असतो, दिवस मोजून काढायचा असतो, आणि तो खरोखरच सरला अशी खात्री पटली की सहकुटुंब घराबाहेर पडायचे असते. ही खात्री देण्याचे काम तेथे पिढ्यान्‌पिढ्या एका झाडाकडे आहे. ते झाड बदामाचे.

खोऱ्यातील हिवाळ्याची मोजणी मोठी नेटकी आहे. २१ डिसेंबरला सुरू होतो तो ‘चिल्लइ कलान’, म्हणजे थोरला चिल्ला. चिल्ला हा मूळ फारसी शब्द. चाळीस दिवसांच्या काळाला तो लावतात. त्या चाळीस दिवसांनंतर वीस दिवसांचा ‘चिल्लइ खुर्द’ म्हणजे धाकटा, आणि त्यामागून दहा दिवसांचे शेंडेफळ ‘चिल्लइ बच्चे’. एकूण सत्तर दिवस. या काळात दल सरोवराच्या कडांना बर्फाचा पापुद्रा धरतो, नळातील पाणी नळातच गोठते आणि अंगातील फेरनखाली निखाऱ्यांची कांगडी धरल्याशिवाय बसवत नाही. २१ डिसेंबर २०२४ रोजी, थोरल्या चिल्ल्याच्या पहिल्याच रात्री, श्रीनगरचा पारा उणे ८.५ अंशांवर गेला होता. पन्नास वर्षांत डिसेंबर महिन्यात इतकी थंड रात्र तेथे झाली नव्हती. शाळांना सुटी असते, पण मुलांना खेळायला अंगण नसते. खिडक्यांना बाहेरून प्लास्टिकचे कापड ठोकलेले असते. जम्मूकडचा महामार्ग हिमवृष्टीने वा दरडींनी बंद पडला की भाजीपाला येत नाही, म्हणून उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली वांगी, टोमॅटो आणि दुधी भोपळा यांवर दिवस काढावे लागतात. पर्यटकाला हवाहवासा वाटणारा बर्फ आणि रहिवाशाच्या वाट्याला येणारा बर्फ यांत हा असा फरक आहे.

सत्तर दिवसांची ही उजळणी मार्चच्या उंबरठ्यावर संपते. कॅलेंडरच्या हिशेबाने वसंत लागतो, शाळा उघडतात. काश्मिरी भाषेत वसंताला ‘सोंथ’ म्हणतात आणि मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत त्याचा काळ धरतात. पण कॅलेंडरवर खोऱ्यातील माणूस फारसा विसंबत नाही. मार्चमध्येही हिमवृष्टी होऊ शकते, डोंगरमाथे पांढरेच असतात, चिनार तर अगदी निष्पर्ण उभे असतात. अशा वेळी एक दिवस शहरात बातमी पसरते की बदामवारी फुलली.

बदामवारी म्हणजे बदामाची बाग. श्रीनगरच्या जुन्या शहरालगत हरिपर्वत नावाची टेकडी आहे. काश्मिरी मुसलमान तिला कोह-ए-मारान म्हणतात. तिच्या पायथ्याशी ही बाग पसरली आहे. वर अफगाण अमलातील किल्ला, भोवताली सोळाव्या शतकाच्या अखेरीस अकबराने बांधविलेल्या तटाचे अवशेष, आणि मधल्या उतारावर पांढऱ्या-फिकट गुलाबी फुलांनी लगडलेली झाडे. पानाचा मागमूस नाही. काळ्या, खडबडीत, वेड्यावाकड्या फांद्यांना थेट फुलेच लागलेली. लांबून पाहणाऱ्यास पुन्हा बर्फ पडला की काय, असा भास व्हावा.

त्यानंतरच्या रविवारी जे घडते त्याला उत्सव म्हणावे तर त्यात कार्यक्रम असा काहीच नाही. लोक येतात आणि बसतात. झाडाखाली सतरंजी अंथरली जाते, घरून आणलेले जेवणाचे डबे उघडले जातात, मध्यभागी समोवार ठेवला जातो. समोवार म्हणजे नक्षीचे उभट तांब्याचे भांडे. त्याच्या पोटातील नळीत निखारे असतात आणि भोवती चहा उकळत राहतो. त्यात बहुधा ‘नून चाय’, म्हणजे मीठ घातलेला गुलाबी चहा असतो, किंवा मग केशर-वेलची घातलेला कहवा. जुन्या काळी बागेच्या वाटेवर पिठात बुडवून तळलेली कमळकाकडी आणि भाजलेले शिंगाडे विकणारे बसत. या दोन पदार्थांवाचून बदामवारीची सहल पुरी होत नसे, असे जुनी माणसे सांगतात. म्हातारी माणसे उन्हाकडे पाठ करून बसतात. तीन महिने चार भिंतींत कोंडलेली मुले मनसोक्त धावतात. फेरन अंगावर असतो, पण कांगडी घरी ठेवलेली असते. या एका गोष्टीचा आनंद आपल्याकडे समजावून सांगणे कठीण आहे.

सहलीला जाऊन काय पाहायचे, किती ‘पॉइंट’ झाले, याचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्या पर्यटनसंस्कृतीत अशा दिवसाला फारशी जागा नाही. शिवाय वेळेचीही अडचण आहे. मराठी कुटुंब काश्मीरला जाते ते परीक्षा संपल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत. तोवर बदामाची फुले केव्हाच गळून गेलेली असतात. ज्यांनी दोन-तीनदा काश्मीर पाहिले आहे अशा अनेकांनी बदामवारीचे नावही ऐकलेले नसते, त्याचे कारण हेच.

तरीही आपल्या पंचांगाचा या बहराशी एक धागा जुळतो. चैत्र शुद्ध प्रतिपदेला आपण गुढी उभारतो, त्याच दिवशी काश्मिरी पंडितांचे ‘नवरेह’ असते. आदल्या रात्री एक ताट भरून ठेवायचे. त्यात तांदूळ, अक्रोड, दही, मीठ, नाणे, लेखणी, आरसा, फुले आणि नव्या वर्षाचे पंचांग मांडायचे. पहाटे डोळे उघडल्यावर सर्वप्रथम या ताटाचे दर्शन घ्यायचे. आपल्या कडुनिंबासारखी एक कडू वनस्पतीही त्या ताटात असते. असेच ताट सोंथच्या पहिल्या दिवशी, मार्चच्या मध्यावरही भरले जाते. नवरेहला हरिपर्वतावरील शारिका देवीचे दर्शन घ्यायचे आणि उतरताना बदामवारीत बसायचे, असा श्रीनगरच्या पंडितांचा परिपाठ होता. त्याच टेकडीवर मखदूम साहिब यांचा दर्गा आहे आणि तटाच्या काठी दरवाजापाशी शिखांची छठी पातशाही गुरुद्वारा. दर्शनाच्या वाटा निराळ्या असल्या तरी उतरल्यावर बसायची बाग एकच होती.

१९९० साली दहशतवादामुळे बहुसंख्य पंडित कुटुंबांना खोरे सोडावे लागले. बदामवारीचाही तो पडता काळ ठरला. संध्याकाळनंतर घराबाहेर पडणेच धोक्याचे झाले होते, तेथे सहलीला कोण जाणार? झाडे म्हातारी झाली, बाग उजाड झाली, कडेने घरे चढत गेली. पुढे जम्मू अँड काश्मीर बँकेच्या पुढाकाराने तिचे पुनरुज्जीवन झाले आणि २००८ मध्ये ती पुन्हा लोकांसाठी खुली करण्यात आली. वाटा, हिरवळ, कारंजी, नव्या झाडांची लागवड असा आजचा तिचा थाट आहे. जुन्या बागेचा मोकळेपणा त्यात राहिला नाही, अशी तक्रार ऐकू येते आणि ती खोटी नाही. पण मधली जवळजवळ दोन दशके ज्या शहराला वसंताच्या पहिल्या रविवारी बसायला जागा नव्हती, त्या शहरापुढे ही तक्रार फार ताणण्यात अर्थ नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बदामच सर्वांत आधी का फुलतो? सफरचंद, नासपती, चेरी ही झाडेही त्याच मातीत, त्याच थंडीत उभी असतात. ती अजून महिनाभर झोपलेली असताना या एकाच झाडाला कोणती घाई होते?

थंड प्रदेशातील फळझाडे शरदात पाने गाळतात आणि सुप्तावस्थेत जातात. पुढच्या वर्षीच्या फुलांच्या कळ्या त्यापूर्वीच, उन्हाळ्यात तयार होऊन घट्ट खवल्यांच्या आवरणात बंद झालेल्या असतात. या कळ्यांना दोन कुलपे असतात असे समजावे. पहिले कुलूप थंडीच्या किल्लीने उघडते. साधारण शून्य ते सात अंश तापमानाचे ठरावीक तास भरल्याशिवाय कळी कितीही ऊब मिळाली तरी हलत नाही. डिसेंबरात चार दिवस ऊन पडले म्हणून झाडाने फसू नये, यासाठी निसर्गाने केलेली ही तजवीज आहे. थंडीचे तास भरले की दुसरे कुलूप उरते, आणि ते उबेने उघडते. ठरावीक प्रमाणात ऊब साचली की कळी फुगते, टोकाला रंग दिसू लागतो आणि मग एका सकाळी ती उमलते.

बदामाची गंमत अशी, की त्याची दोन्ही कुलपे हलकी आहेत. त्याच्या बहुतेक जातींना तीनशे ते सहाशे तासांची थंडी पुरते. सफरचंदाच्या बऱ्याच जातींना हजार तासांच्या आसपास लागतात, आणि पुढची ऊबही अधिक लागते. श्रीनगरसारख्या ठिकाणी बदामाचा थंडीचा वाटा थोरला चिल्ला संपण्याआधीच भरून निघतो. त्यानंतर झाड निजलेले दिसले तरी ते निजलेले नसते, ते वाट पाहत असते. म्हणून बदामवारी कोणत्या रविवारी फुलणार, हे डिसेंबरातील कडाक्याने ठरत नाही; ते फेब्रुवारीने ठरते. फेब्रुवारी थंड आणि ढगाळ गेला तर बहर मार्चच्या उत्तरार्धावर जातो. फेब्रुवारीत ऊन लागले तर तो आठ-पंधरा दिवस आधीच हजर होतो.

पानांआधी फुले येण्यामागेही हिशेब आहे. त्यासाठी लागणारे अन्न झाडाने आदल्या हंगामातच साठवलेले असते. मधमाश्यांना फुले दुरूनही दिसतात, मध्ये पाने येत नाहीत. आणि मधमाशीवाचून बदामाचे चालत नाही, कारण त्याच्या बहुतेक झाडांचे स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. दुसऱ्या वाणाच्या झाडावरून पराग यावा लागतो. अडचण अशी की पारा बारा-तेरा अंशांच्या वर गेल्याखेरीज मधमाशी पोळ्याबाहेर फारशी पडत नाही. श्रीनगरला मार्चमध्ये दुपारचे तापमान या मर्यादेच्या थोडे वर असते, आणि पावसाच्या दिवशी तेवढेही नसते. सहलीला आलेली माणसे आणि मधमाश्या या दोघांनाही लागते ते एकच, दुपारचे ऊन.

नेमका तेथेच धोका आहे. जून ते सप्टेंबर म्हणजे पाऊस, हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. श्रीनगरचा सर्वाधिक पावसाचा महिना मात्र मार्च आहे. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात हिवाळ्यात तेथे बर्फ टाकतात आणि मार्चमध्ये पाऊस. सप्टेंबर २०१४च्या महापुरातून श्रीनगर सावरते न सावरते तोच मार्च २०१५च्या अखेरीस झेलमने पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली होती, ती या पावसानेच. बदामाचा बहर जेमतेम दोन आठवडे टिकतो. त्यात सलग चार दिवस पाऊस लागला तर पाकळ्या चिखलात पडतात आणि मधमाश्या पोळ्यातच राहतात. झंझावात निघून गेल्यावर आकाश निरभ्र होते आणि रात्रीचा पारा झपाट्याने उतरतो. उमललेले फूल उणे दोन-तीन अंशांपर्यंत थोडा वेळ तग धरते. मात्र फूल गळून इवलेसे फळ धरलेले असले तर उणे एक अंशही त्याला पुरतो. म्हणजे बहर जितका लवकर, तितके अशा रात्री सापडण्याचे भय अधिक.

अलीकडच्या काही हिवाळ्यांनी हे भय वाढवले आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार भर थोरल्या चिल्ल्यात उघडे पडले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फाअभावी तेथील खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. त्या मार्चमध्ये, उशिरा बर्फ पडल्यावर पार पडल्या. त्याच फेब्रुवारीत अनंतनाग जिल्ह्यातील अचबलच्या मुघल बागेला पाणी पुरविणारा झरा आटला. बर्फ फेब्रुवारीत नाही आणि मार्चमध्ये आहे, हा क्रम फळझाडांच्या दृष्टीने सर्वांत वाईट. उबेने कळ्या उघडायच्या आणि उघडल्यावर त्यांवर बर्फ पडायचा. लवकर आलेल्या बहराची छायाचित्रे ‘वसंताचे आगमन’ अशा मथळ्याखाली छापून येतात. ती छापणाऱ्यांत आम्हीही आहोत. पण पुलवामा किंवा बडगामच्या बागाईतदाराला त्याच छायाचित्राने धडकी भरते.

या बागाईतदाराची संख्याही आटत चालली आहे. बदामवारी ही सहलीची बाग; बदामाची खरी शेती खोऱ्यातील ‘करेवा’ नावाच्या उंच सपाट पठारांवर होते. एके काळी येथे विशाल सरोवर होते, त्याच्या तळाच्या गाळाची ही पठारे. पांपोरचे केशर याच मातीतले. तेथे पाटाचे पाणी चढत नाही, म्हणून पावसावर भागवणारा बदाम लावला जाई. सरकारी आकडेवारीप्रमाणे २००६-०७ मध्ये काश्मिरात सुमारे १६ हजार हेक्टर क्षेत्र बदामाखाली होते. २०१९-२० पर्यंत ते ४ हजार हेक्टरांच्या घरात आले. तेरा वर्षांत तीन-चतुर्थांश क्षेत्र गेले. कारणे उघड आहेत. बाजारात कॅलिफोर्नियाचा एकसारख्या आकाराचा, पातळ सालीचा बदाम स्वस्तात येतो. काश्मिरी झाडे बहुतांशी बियांपासून वाढवलेली, त्यामुळे प्रत्येक झाडाचे फळ निराळे, कुठे कडूही. सफरचंदाची दाट लागवड केली तर पैसा लवकर हाती येतो. मग म्हाताऱ्या बदामावर कुऱ्हाड चालते.

यात एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. बियांपासून वाढलेल्या बागेत प्रत्येक झाडाची घडण वेगळी असल्याने सगळी झाडे एकाच दिवशी फुलत नाहीत. काही आठवडाभर आधी, काही नंतर. एका रात्रीच्या दहिवराने सगळी बाग जात नाही. व्यापाऱ्याला नको असलेला हा विस्कळीतपणा लहरी मार्चमध्ये शेतकऱ्याचा विमाच होता. सहलीच्या दृष्टीनेही तो सोयीचा, कारण एक रविवार पावसात गेला तरी पुढच्या रविवारी काही झाडे फुललेली असत.

पंचांग आणि झाड यांची चुकामूक मात्र पूर्वीपासूनची आहे. नवरेह चांद्रमासाने येतो. २०२३ मध्ये तो २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३० मार्चला. अधिक महिन्यानंतरच्या वर्षी देवीचे दर्शन घेऊन उतरावे तो झाडांना पोपटी पाने फुटलेली, असे जुन्या पिढीनेही पाहिले आहे. पण तेव्हा झाड आपल्या जागी असे आणि पंचांग मागेपुढे होई. आता झाडही जागा सोडू लागले आहे.

बदामामागून येणारी ट्युलिपची बाग ही त्या मानाने अलीकडची आणि सरकारी. दलच्या काठी, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी सुमारे ३० हेक्टरांवरील ही इंदिरा गांधी स्मृती उद्यानाची बाग २००७ मध्ये खुली झाली. तेथील कंद दरवर्षी लावले जातात, फुलण्याचा काळ लागवड मागेपुढे करून थोडा लांबवता येतो आणि उद्घाटनाची तारीख जाहीर होते. २०२५ मध्ये ती २६ मार्चला उघडली. देशभरातील पर्यटक तिच्यासाठी येतात आणि त्यांच्या येण्यावर हजारोंचे पोट चालते, म्हणून तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र तेथे रांग असते, तिकीट असते, फुलांच्या ताटव्यांमधून चालत राहायचे असते. समोवार घेऊन पसरायची ती जागा नव्हे.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरन येथे झालेल्या दहशतवादी हल्ल्यात २६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत महाराष्ट्रातील सहा पर्यटक होते. त्यानंतर सुरक्षेच्या कारणावरून खोऱ्यातील ४८ पर्यटनस्थळे बंद करण्यात आली. बदामवारीही त्यांत होती. तोवर तिचा बहर संपला होता आणि जूनमध्ये ज्या पहिल्या काही बागा पुन्हा उघडल्या त्यांत तिचा समावेश होता. बहर आणि बंदी यांची गाठ पडली नाही, ही केवळ तारखांची कृपा. श्रीनगरच्या लोकांना आपली बाग बंद होणे नवीन नाही. ती उघडी असेल तेव्हा तेथे जाऊन बसायचे, हे त्यांनी त्यातूनच शिकले असावे.

ज्यांना हा बहर पाहायचा असेल त्यांनी मार्चच्या दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याचा बेत करावा, आणि फेब्रुवारी कसा गेला यावर बारीक नजर ठेवावी. परतीचे तिकीट एक-दोन दिवस सैल ठेवलेले बरे, म्हणजे पावसाचा एखादा दिवस हॉटेलात काढता येतो. दुपारी ऊन असले तरी सकाळ-संध्याकाळ लोकरी कपड्यांना पर्याय नाही. फांद्या हलवून फुलांचा पाऊस पाडू नये. छायाचित्रासाठी हा प्रकार अलीकडे फार होतो आणि राखणदारांचा त्याच्यावर राग असतो. सकाळी अकराच्या सुमारास, ऊन पुरते चढल्यावर बागेत शिरावे. झाडाखाली थोडा वेळ गप्प बसल्यास मधमाश्यांची गुणगुण ऐकू येते आणि शेजारच्या सतरंजीवरून चहाचा पेला पुढे होण्याचाही संभव असतो. तो खारट आहे हे आधी ठाऊक असलेले बरे.

बदामानंतर जर्दाळू, मग अलुबुखार आणि पीच, मग नासपती व चेरी, अशी रांग लागते. एप्रिलच्या मध्यावर सफरचंदाच्या बागा फुलतात, तेव्हा बदामाच्या फांद्यांवर पानांआड लव असलेली हिरवी फळे धरलेली असतात आणि खिडक्यांवरचे प्लास्टिक निघालेले असते. तोवर सतरंज्या आणि समोवार निशात व शालिमारच्या चिनारांखाली गेलेले असतात.